पाचवं बोट

१

पहिलं पिल्लू कवच फोडून बाहेर पडलं तेव्हा वहिनींनी कुणाला हाक मारली नाही. त्यांनी ते ओलं पिल्लू तळहातावर घेतलं, त्याचा पाय हलकेच सरळ केला आणि बोटं मोजली. मग दुसऱ्या पायाची मोजली. मग पुन्हा पहिल्या.

"चार," त्या म्हणाल्या.

हे मला त्यांच्या मुलीने फोनवर सांगितलं. मी जनावरांची डॉक्टर. दवाखान्याची पाटी उतरवून मला बरेच दिवस झाले, पण लोकांचे फोन काही थांबले नाहीत. कुणाची गाय अडते, कुणाचा पोपट बोलायचा थांबतो, आणि माझे गुडघे दुखतात हे कुणाच्या लक्षात राहत नाही. त्या दिवशी मात्र मी गुडघ्यांचं नाव काढलं नाही. चपला घातल्या आणि निघाले.

कारण त्या घराची गोष्ट मला ठाऊक होती. वहिनींच्या नवऱ्याला सगळी गल्ली दादा म्हणायची, म्हणून त्यांना वहिनी. दादांनी उभा जन्म एका जातीच्या कोंबड्या सांभाळण्यात घातला. राखेच्या रंगाच्या, आखूड तुऱ्याच्या. इतर कोंबड्यांच्या पायाला चार बोटं असतात, यांच्या पायाला पाच. पाचवं बोट मागच्या बाजूला, थोडं वर, आभाळाकडे वळलेलं. जातीला नावही त्यावरूनच पडलं, पाचबोटी. कधीकाळी दारोदार दिसणारी ही कोंबडी आता त्यांच्या एका खुराड्यात उरली होती. पिल्लू निघालं की दादा ते पुसायच्या आधी बोटं मोजायचे, आणि तीच सवय वहिनींना लागली होती.

गेल्या वर्षी दादा गेले. या वर्षी कळपातला एकुलता एक कोंबडा गेला. मागे राहिल्या तीन म्हाताऱ्या कोंबड्या, आणि कोंबडा जायच्या आधी त्यांनी घातलेली मोजकी अंडी. ती फळलेली शेवटची अंडी. त्यांतून पिल्लं निघाली तर जात राहणार होती, नाहीतर दादांच्या जन्माच्या कष्टांवर पाणी.

"सगळीच्या सगळी निघाली, डॉक्टरमावशी," मुलगी म्हणाली. "एक अंडं वाया गेलं नाही. आणि एकाच्याही पायाला पाचवं बोट नाही. तुम्ही या. आई रडतसुद्धा नाहीये."

२

यंत्राची खोली म्हणजे घराच्या मागची पडवी. यंत्र म्हणजे एक जुना फ्रिज. दादांचे धाकटे भाऊ फ्रिज दुरुस्तीचं काम करतात. त्यांनीच एका मोडीत निघालेल्या फ्रिजची पेटी घेऊन आत बल्ब बसवले, पंखा बसवला, दमटपणासाठी पाण्याचं ताट ठेवलं आणि दाराला काच लावली. थंड करायच्या पेटीत ऊब भरणारा माणूस म्हणून गल्लीत त्यांची चेष्टा व्हायची. भाऊ हसायचे नाहीत. ते मुळातच कमी हसतात.

आत कोरडी झालेली पिल्लं चिवचिवत होती. तांबूस, गुबगुबीत, ठणठणीत. दुसऱ्या कुठल्या घरात एवढी पिल्लं निघाली असती तर पेढे वाटले असते. इथे वहिनी स्टुलावर बसल्या होत्या, आणि भाऊ दाराला टेकून उभे होते, आत नाही, बाहेरही नाही.

"पलीकडचा कोंबडा भिंत ओलांडून आला असेल का?" मुलीने विचारलं. "म्हणजे वडील वेगळे असले तर..."

"बाप वेगळा असला तरी आई पाचबोटीच ना?" मी म्हणाले. "हे पाचवं बोट फार चिवट असतं. एका बाजूने आलं तरी पिल्लात उतरतं. एखाद्या पिल्लात चुकेल, सगळ्यांत नाही. ही तुमच्या कोंबड्यांची अंडीच नव्हेत. कुणीतरी अंडी बदलली."

वहिनींनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "कुणीतरी कशाला म्हणता? मास्तरांनी. दुसरं कोण?"

मास्तर म्हणजे भिंतीपलीकडचे चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. तेही कोंबड्या पाळतात, तांबड्या, साध्या. दादांत आणि त्यांच्यात वर्षानुवर्षं विस्तव जात नव्हता. दादा अंडी उबेला घालायचे त्याच दिवशी मास्तर मुद्दाम आपली खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवायचे. कुणाची पिल्लं जास्त निघतात, बघू या. इकडे यंत्राचा पंखा घरघरला की तिकडे कोंबडीवर डालगं, कामट्यांची मोठी टोपली, झाकलं जायचं, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. दादा गेल्यावरही त्यांनी ते सोडलं नाही.

"भांडण कशावरून होतं?" मी विचारलं.

"मास्तर म्हणाले होते, तुमच्या कोंबड्यांचं रक्त शिळं झालंय, माझा कोंबडा घ्या. हे म्हणाले, माझ्या जातीत भेसळ करायला निघालात? झालं. त्या दिवसापासून बोलणं बंद."

"आणि पिल्लं? तेव्हा बरी निघायची?"

"पूर्वी निघायची. मग दर वर्षी कमी. कोंबडी बसवली तरी दोन-तीन निघायची, बाकीची आतच राहायची. म्हणून तर भाऊजींनी यंत्र केलं. पण गेल्या खेपेला यंत्रात एकही निघालं नाही, आणि त्यानंतर हे..." वहिनी थांबल्या. "यांना काही यंत्रातलं पिल्लू पाहायला मिळालं नाही."

दारातले भाऊ जमिनीकडे बघत होते.

मी या खेपेबद्दल विचारलं. अंड्यांवर एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल, खुणा वहिनींच्याच हातच्या. अंडी रोज फिरवावी लागतात, ती नीट फिरली की नाही हे त्या खुणांवरून कळतं. पहिल्यांदा त्याच फिरवायच्या. मग अर्ध्यावर आल्यावर भाऊ म्हणाले, तुमचा हात थरथरतो, आता मी फिरवतो.

"आणि शेवटचे तीन दिवस?"

"शेवटचे तीन दिवस दार उघडायचं नाही, फिरवायचंही नाही. भाऊजींचाच नियम. उघडलं की आतली वाफ जाते आणि पिल्लू कवचाला चिकटून बसतं. म्हणतात, देव आला तरी उघडायचं नाही. मी तर सकाळीच दार लावून घेतलं आणि इथे बसले ते आज उठले. संध्याकाळी तेच आले, म्हणाले, एकदा उघडू या, पाणी बघतो. मी म्हटलं, तुम्हीच केलेला नियम तुम्हीच मोडता?"

"तुम्हा तिघांशिवाय खोलीत कुणी आलं?"

"काळं कुत्रं नाही."

मुलगी मला बाहेर घेऊन गेली आणि आपणहून बोलली. "माझ्यावर संशय घ्यायचा असेल तर घ्या. मला हे सगळं संपायला हवं होतं. आई माझ्याकडे राहायला येत नाही ती या कोंबड्यांपायी. अंडी नासली तर बरं, असं माझ्या मनात आलं होतं. आता तिचा चेहरा बघून स्वतःचीच लाज वाटते."

"मनात आलं होतं, की केलंस?"

"फक्त मनात."

मी परत आत गेले. यंत्राच्या तळाशी कवचांचे तुकडे पडले होते. त्यांतला फुलीचा एक मोठा तुकडा उचलून मी खिडकीशी नेला. पेन्सिल कवचावर धड उमटली नव्हती, घसरली होती. कुणीतरी दाबून दाबून दोनदा गिरवली होती. मी तुकड्यावरून अंगठा फिरवला. दोन्ही बाजूंना बघितलं.

यंत्रातलं अंडं शेवटपर्यंत खडूसारखं कोरडं असतं. हे कवच गुळगुळीत होतं, तेल लावल्यासारखं चकाकत होतं. अशी चकाकी एकाच गोष्टीने येते, कोंबडीच्या पोटाच्या पिसांनी, आणि तीही दिवसेंदिवस घासून.

ही पिल्लं या यंत्रातून निघाली होती खरी, पण त्यांना ऊब मिळाली होती कुठल्यातरी कोंबडीखाली.

३

मास्तरांच्या फाटकाला कडी होती. मी वाजवली तेव्हा ते लगबगीने आले आणि मला पाहून फाटकातच उभे राहिले.

"वहिनींची अंडी बदलली गेलीत," मी आडपडदा न ठेवता सांगितलं. "त्यांच्या जागी त्याच वयाची अंडी ठेवली होती, त्याच दिवशी उबेला घातलेली. अशी अंडी गल्लीत एकाच ठिकाणी असणार."

"खरंय," मास्तर म्हणाले.

एवढा सोपा होकार मला अपेक्षित नव्हता. "मग?"

"मग काही नाही."

"वहिनी तुम्हाला चोर म्हणतायत. पोलिसात जायची भाषा चाललीय."

"म्हणू देत. त्यांच्यावर जे गुदरलंय ते गुदरलंय." त्यांच्या बोटांना रंग नव्हता, पण ती बोटं अजूनही ब्रश धरल्यासारखी एकमेकांना चिकटलेली होती.

"तुमची खुडूक कोंबडी दाखवा."

"आज नाही."

"का?"

"आज तिला कुणी हात लावायचा नाही. उद्या या. परवा या. आज मेहेरबानी करा."

त्यांच्या मागे, अंगणाच्या कोपऱ्यात, सावलीत एक मोठं डालगं पालथं घातलं होतं. त्यावर जुनं गोणपाट. गोणपाटावर कुणाचा तरी स्वेटर. डालग्याजवळ पाण्याची वाटी, आणि बाजूला झाडू, नुकताच फिरवलेला. अंडी उबवणारी कोंबडी दिवसातून एकदाच उठते आणि एकदाच, भरपूर आणि नाक धरावं अशी, घाण करते. ती घाण इथे आस्थेने काढली जात होती. मी चोर पाहिलेत. कोंबडीला स्वेटर पांघरणारा चोर मी पाहिला नव्हता.

मी वळले, तर मागून त्यांचा आवाज आला.

"डॉक्टर... तिकडची सगळी निघाली का?"

"सगळी."

मास्तरांनी डोळे मिटले. त्यांना बरं वाटलं की वाईट, मला कळलं नाही. पण ज्याने दुसऱ्याची अंडी पळवली तो दुसऱ्याच्या यंत्राची अशी विचारपूस करत नाही.

४

परत येताना मी विचार करत होते, आणि माझा विचार एका साध्या गोष्टीपाशी येऊन थांबत होता.

समजा, कुणाला ही जात संपवायची होती. मुलीला म्हणा, किंवा जुन्या वैरापायी मास्तरांना म्हणा. मारायला कष्ट लागत नाहीत. यंत्राची वायर काढायची, खोली गार होईपर्यंत गप्पा मारत बसायचं, आणि परत लावायची. काम फत्ते, कुणाला पत्ता नाही. इथे कुणीतरी अंडी गरम राखून भिंतीपलीकडे नेली होती, तेवढीच अंडी गरम राखून इकडे आणली होती, त्यांवर खुणा केल्या होत्या आणि पुढे रोज त्यांना फिरवलंही होतं. असा खटाटोप माणूस जगवण्यासाठी करतो.

आणि मास्तरांनी वर्षानुवर्षं या घराचा उंबरा ओलांडला नव्हता.

पडवीच्या कोपऱ्यात एक थर्मोकोलचा डबा होता. मी मघाशी पाहिला होता, भाऊंचा म्हणून सोडून दिला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आता उघडला. आत जुना टॉवेल, चार घड्यांचा, मध्ये खळगे पडलेला. टॉवेल झटकला तर एक लहानसं मऊ पीस खाली आलं. तांबडं. वहिनींच्या तीनही कोंबड्या राखेच्या रंगाच्या आहेत.

भाऊंचं दुकान घराच्या मागेच आहे. आत फ्रिज दारं उघडी टाकून ओळीने उभे होते, सगळ्यांच्या पोटात काळोख. भाऊ एका फ्रिजपुढे बसले होते, हातात पाना होता, पण काम चाललेलं नव्हतं. मी ते पीस त्यांच्या समोरच्या टेबलावर ठेवलं.

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, भाऊ."

ते पिसाकडे बघत राहिले.

"देव आला तरी दार उघडायचं नाही, असं म्हणणारा माणूस पाण्याच्या निमित्ताने दार उघडू या म्हणतो," मी म्हणाले. "तेव्हा तुम्हाला पाणी बघायचं नव्हतं. खरी अंडी परत आत ठेवायची होती. पण वहिनी आधीच दार लावून बसल्या होत्या."

"मला वाटलं होतं, त्या संध्याकाळी लावतील," भाऊ म्हणाले. आवाज इतका खाली गेला होता की मला वाकून ऐकावं लागलं. "थोडक्यात राहिलं, डॉक्टर. तेवढ्यात सगळं जागच्या जागी गेलं असतं. पिल्लं यंत्रातून निघाली असती आणि कुणाला काही कळलंच नसतं."

"पण केलंत कशाला?"

"अर्ध्यावर आल्यावर मी एकटाच होतो, टॉर्च लावून अंडी बघितली. बरीचशी आत थांबली होती. गेल्या खेपेसारखीच." त्यांनी पाना खाली ठेवला. "गेल्या खेपेला दादा एक शब्द बोलला नाही मला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसता यंत्राकडे बघत बसला आणि मग गेला. जाताना म्हणाला, वहिनीला एकतरी पिल्लू दाखव. मी शब्द दिला. दुधाने तोंड पोळलंय माझं, डॉक्टर. उरलेली अंडी परत त्याच पेटीत कशी ठेवू? आणि वहिनींना कसं सांगू, की माझा माझ्याच कामावर भरवसा नाही?"

"म्हणून मास्तरांकडे गेलात."

"पाय धरायचेच बाकी ठेवले होते. ते एवढंच म्हणाले, माझं भांडण दादाशी होतं, कोंबड्यांशी नव्हतं."

"आणि आज सकाळपासून त्यांना चोर म्हणतायत ते तुम्ही ऐकून घेताय!"

भाऊंनी मान वर केली. त्यांचे डोळे भरले होते. "अजून एकाही अंड्याला तडा गेलेला नाही. निघालं असतं तर मीच जाऊन सांगणार होतो. आणि नाहीच निघालं तर... तर मग कुठल्या तोंडाने..."

मुलगी धावत दुकानात शिरली, धाप लागलेली.

"काका, आई मास्तरांच्या अंगणात गेलीय! म्हणते, डालगं उचलून बघते काय दडवलंय ते!"

५

माझे गुडघे त्या दिवशी कसे धावले, मला ठाऊक नाही.

मास्तर डालग्यापुढे दोन्ही हात पसरून उभे होते. वहिनींनी त्यांना बाजूला ढकललं नव्हतं, पण एका हाताने डालग्याची कड धरली होती. स्वेटर जमिनीवर पडला होता. आतून कोंबडी घशातल्या घशात गुरगुरत होती.

"वहिनी, उचलू नका!" मी ओरडले. "ती दचकून उठली तर खालचं सगळं पायाखाली जाईल!"

"खालचं काय?" वहिनींचा हात तसाच होता. "काय आहे खाली?"

"तुमची अंडी."

"म्हणजे चोरलीच ना यांनी!"

"यांनी सांभाळली. कड सोडा, मग ऐका."

त्यांनी सोडली नाही. मी तशीच बोलत राहिले, कारण दुसरा इलाज नव्हता. यंत्रातली कवचं चकाकत होती, म्हणजे ती अंडी कोंबडीखाली बसलेली होती. गल्लीत त्या वयाची अंडी फक्त इथे होती, म्हणून इथली तिकडे गेली आणि तिकडची इथे आली. पण मास्तर तुमच्या पडवीत कधी आले नाहीत. ज्याने अंडी बदलली त्याला ती गरम ठेवून नेता येत होती, नव्या अंड्यांवर खुणा करता येत होत्या, आणि चकाकी तुमच्या बोटांना कळू नये म्हणून अंडी फिरवायचं काम तुमच्या हातून काढून घेता येत होतं. तुमचा हात थरथरतो, असं तुम्हाला कोण म्हणालं, आठवा.

वहिनींची नजर हळूहळू फाटकाकडे वळली. भाऊ फाटकाबाहेर उभे होते. आत यायचं धैर्य त्यांना होत नव्हतं.

"भाऊजी?"

"हो," भाऊ म्हणाले. "मीच."

वहिनींनी डालग्याची कड सोडली. मास्तरांनी खाली वाकून स्वेटर उचलला आणि पुन्हा जागेवर पांघरला.

"मी इतके दिवस तुमच्या त्या पेटीपुढे बसले," वहिनी म्हणाल्या. त्या ओरडत नव्हत्या, आणि ते जास्त वाईट होतं. "दुसऱ्याच्या अंड्यांपुढे हात जोडून बसले, भाऊजी. एक शब्द सांगता येत नव्हता? तुम्ही सांगितलं असतं, तर मी माझ्या हाताने यांच्या दारात अंडी घेऊन आले असते."

"दादा चिडला असता..."

"ते नाहीयेत आता! मी आहे. मला विचारायचं."

आणि तेवढ्यात डालग्याखालून, अगदी बारीक, कवचाच्या आतून येतो तसा, एक चिवचिवणारा आवाज ऐकू आला.

६

मग आम्ही बसलो. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. मास्तरांनी वहिनींसाठी खुर्ची आणली. वहिनी जमिनीवरच बसल्या, डालग्याला अगदी लागून, आणि थोड्या वेळाने त्यांनी आपला पदर त्या स्वेटरवर आणखी पांघरला. मुलगी आईच्या मागे बसली. वाटेत थोडी गार झाल्यामुळे ही अंडी मागे पडली असणार, असं मी म्हणाले. कुणी ऐकलं की नाही, कुणास ठाऊक.

दुपार कलली तेव्हा कोंबडी पंख सावरून एका बाजूला सरकली. मास्तरांनी डालगं जेमतेम हाताएवढं वर उचललं आणि मी आत हात घालून न तडकलेली अंडी एकेक करून कानाशी धरली, हलवली, बाजूला काढली. जवळजवळ सगळीच गेलेली होती. मी ती तिथेच, त्यांच्यासमोर, वाटीत फोडली. असलं काम घरच्यांपुढे करू नये, पण भाऊंनी ते पाहणं गरजेचं होतं.

"भाऊ, आत या," मी म्हणाले. "बघा. ही केव्हा थांबलीत? अगदी सुरुवातीला. डोळा दिसतोय, एवढंच. तुम्ही अंडी बदलण्याच्या कितीतरी आधी."

"म्हणजे तेव्हा ती माझ्या यंत्रातच होती," भाऊ फाटकातूनच म्हणाले.

"होती. आणि त्याच यंत्रात मास्तरांचं एकही अंडं वाया गेलं नाही. आणि यंत्र नव्हतं तेव्हा दादांच्या कोंबड्यांखालीसुद्धा दर वर्षी कमीच निघत होती, वहिनींनीच सांगितलं. यंत्र बदललं, कोंबडी बदलली, तरी अंडी आतच राहतात. मग खोट कशात आहे? रक्तात आहे. एकाच खुराड्यात पिढ्यान्‌पिढ्या, भावाबहिणींत, बाहेरचा कोंबडा कधी घेतला नाही. पिल्लाला जीव धरायला ताकदच उरली नाही. तुमच्या पेटीने कुणाला मारलं नाही, भाऊ. या खेपेला नाही आणि गेल्या खेपेलाही नाही."

भाऊंनी फाटकाचा गज घट्ट धरला. खांदे हलत होते. मास्तर दुसरीकडे बघत होते. त्यांचं म्हणणं खरं ठरलं होतं, आणि त्याचा त्यांना काडीचा आनंद झाला नव्हता.

"दादा ऐकत नव्हते," वहिनी म्हणाल्या. "जात राखायची म्हणून कुणाला हात लावू दिला नाही. आणि राखता राखता..." नवऱ्याबद्दल एवढं बोलायलाही त्यांना फार जड गेलं.

कोंबडीच्या पंखाखालून आधी एक चोच दिसली. मग राखाडी, ओलं डोकं. त्याच्या मागे आणखी एक. दोनच.

वहिनींनी पहिलं पिल्लू तळहातावर घेतलं. पाय सरळ केला. मी त्यांच्या ओठांकडे बघत होते. एक, दोन, तीन, चार... आणि मग त्या थांबल्या, कारण चौथ्या बोटाच्या वर, दाण्याएवढं, आभाळाकडे वळलेलं आणखी एक बोट होतं. सकाळपासून न रडलेली बाई तिथे रडली. मुलीने मागून तिच्या खांद्यावर डोकं टेकलं.

दुसऱ्यालाही पाच होती.

"यात कोंबडा असेल का, डॉक्टर?" वहिनींनी डोळे पुसत विचारलं.

"आताच नाही सांगता येत. आणि असला तरी भावाबहिणीतच परत नको." मी मास्तरांकडे पाहिलं. "पाचवं बोट चिवट असतं, मघाशीच म्हणाले मी. एका बाजूने आलं तरी उतरतं."

भिंतीवर मास्तरांचा तांबडा कोंबडा बसला होता. वहिनी त्याच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मास्तर, यंत्रातली पिल्लं तुमची आहेत. संध्याकाळी पाठवते. ही दोन मात्र इथेच राहू देत, त्यांच्या आईपाशी. मी येत जाईन."

"फाटकाला आता कडी नसेल," मास्तर म्हणाले.

वहिनींनी पिल्लू कोंबडीखाली सोडलं. दुसरं तसंच ओंजळीत ठेवून त्या फाटकाकडे वळल्या. भाऊ अजून बाहेरच उभे होते.

"भाऊजी, बाहेर काय उभे राहिलात? आत या."

भाऊ आले. वहिनींनी ओंजळ त्यांच्यापुढे धरली.

"मोजा," त्या म्हणाल्या.

भाऊंनी खिशातून चष्मा काढला. त्याच्या काचा पुसायला त्यांना फार वेळ लागला.